माझ्या गाडीचा अठरा

तुमच्या गाडीच्या पाटीवरचा आकडा कुणी तुम्हाला न विचारता बदलला, तर तुम्ही पोलिसांत जाल की पेढा खाल?

मला पेढा भरवला गेला. आखाजीसाठी, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेसाठी, मी माहेरी धुळ्याला गेले होते, झोके आणि गाणी आटोपून एसटीने जळगावला परतले. ऊन नुसतं भाजत होतं. मेहरूणमधल्या आमच्या घराच्या फाटकात पाय ठेवला, तर खांद्यावरची पिशवी उतरायच्या आत सासूबाईंनी माझ्या तोंडात पेढा घातला. सासूबाईंना घरीदारी सगळेच अक्का म्हणतात. सासरे, म्हणजे नाना, माझ्या स्कूटरशेजारी हात मागे बांधून उभे होते. स्कूटरला झेंडूचा हार होता, पुढच्या चाकाशी नारळ फोडलेला होता. मला वाटलं, सणाची पूजा केली असेल.

मग मी पाटी वाचली.

मी पाटी वाचतेच. धुळ्यात वाढलेल्या माणसाला ही खोड लागते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते आमच्या गावाशी एकमेकांना आडवे जातात आणि अख्ख्या देशाचे ट्रक आमच्या नाकासमोरून जातात. माझे वडील, आबा, शाळेत कारकून होते, पण त्यांचा खरा धंदा लोकांना प्रश्न विचारायला लावणाऱ्या पत्रकांचा. देवपूरच्या आमच्या दोन खोल्यांत पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि त्यांच्यामधून वाट काढत आम्ही जेवायला बसायचो. पत्रकाची घडी घालायला मी पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी शिकले. सुट्टीच्या दिवशी आबा मला घेऊन हायवेवरच्या ढाब्यांवर जायचे. ते जेवणाऱ्या ड्रायव्हरांच्या हातात पत्रक ठेवायचे आणि मी बाहेर उभी राहून ट्रकांच्या पाट्या वाचायचे.

"आरजे?"

"राजस्थान."

"टीएन?"

"तमिळनाडू. आबा, तो इतक्या लांबून आलाय, त्याला मराठी पत्रक कशाला दिलं?"

"घडीत भजी बांधून नेईल. तेवढंच आपलं पत्रक तमिळनाडू पाहील."

पाटीची भाषा मी अशी शिकले. पहिली दोन अक्षरं राज्याची. पुढचे दोन आकडे, गाडी ज्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली त्याचे. धुळे अठरा, जळगाव एकोणीस. मग अक्षरांची मालिका, आणि शेवटी जास्तीत जास्त चार आकडे. आकडे संपले की अक्षर पुढे सरकतं. मालिकेत आय आणि ओ घेत नाहीत, कारण लांबून ते एक आणि शून्य वाटतात. पांढरी पाटी घरच्या गाडीची, पिवळी भाड्याच्या, हिरवी विजेवरच्या. बाणाचं चिन्ह दिसलं की लष्कराची. मला ही भाषा आवडायची, कारण ती कुणाचीच भीड ठेवत नाही. ट्रॅक्टरलाही तेच व्याकरण, आमदाराच्या गाडीलाही तेच. निदान कागदावर. प्रत्यक्षात आमदाराचे कार्यकर्ते आकड्यांना शेपट्या फोडून त्यांतून 'दादा' वाचायला लावतात. आबांचं एक अख्खं पत्रक त्या शेपट्यांवर होतं. ते वाटताना एका जीपवाल्याने आबांची कॉलर धरली होती. आबांनी त्यालाही एक प्रत दिली.

नंदुरबार आमच्या धुळ्यातून फुटून वेगळा जिल्हा झाला, तेव्हा त्याला एकोणचाळीस आकडा मिळाला. पण तिकडच्या जुन्या गाड्या अठराच राहिल्या. त्यांना कुणी पाट्या उतरवायला लावल्या नाहीत. राज्याच्या आत तुम्ही कुठेही राहायला जा, कागदावरचा पत्ता बदलतो, नंबर बदलत नाही. जिथे नोंद झाली तिथला आकडा, गाडी भंगारात जाईपर्यंत. हे मला लहानपणी फार न्यायाचं वाटायचं. अजूनही वाटतं.

माझी स्कूटर कॉलेजात असताना आली. नंबर आला तेव्हा दुकानातला माणूस ओशाळून म्हणाला, "ताई, शेवटच्या आकड्यांची बेरीज आठ येतेय. लोक आठ घेत नाहीत, शनीचा म्हणतात. तुमचं काय?"

आबा म्हणाले, "आठाने आमचं अजून काही वाकडं केलेलं नाही. केलं त्यांची नावं वेगळी आहेत."

पाटीच्या वर, मागच्या दिव्याखाली मी आबांच्या पत्रकातलं एक वाक्य चिकटवलं: विचारल्याशिवाय मानू नका. आई ते वाचून कपाळाला हात लावून बसली. "आशी गाडी दखीसन तुले कोन करी व माय?"

केलं एकाने. तो जळगावचा, एका कारखान्यात नोकरीला, आणि त्याला ते वाक्य आवडलं होतं. लग्न आम्ही नोंदणी पद्धतीने केलं. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचा कार्यक्रम मी आधीच नाकारला होता. नाव माझं, आडनावही माझंच राहील, हे नानांना मी स्वतः जाऊन सांगितलं. नाना रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळी नोकरी भुसावळच्या इंजिन शेडमध्ये गेलेली. त्यांनी एवढंच विचारलं, "पोस्टमन गोंधळनार नाही ना?"

"नाही, नाना."

"मंग राहू दे."

इतक्या सरळ माणसाशी पुढे माझी लढाई होईल असं मला वाटलं नव्हतं. पत्रकांत शत्रू नेहमी दुष्ट असतो. नाना मला सकाळी पेपर आधी वाचायला द्यायचे.

कुरकुर केली ती नातेवाइकांनी. घरी सत्यनारायण नाही, मग निदान जेवण तरी, म्हणून सगळ्यांना बोलावलं होतं. पंगतीत नवऱ्याची एक आत्या माझ्या स्कूटरकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणाली, "नाव धुळ्याचं, गाडी धुळ्याची. मंग जळगावचं काय? नुसतं भरीत-भाकर?" सगळे हसले. मीही हसले, वाक्य चांगलं होतं. नाना हसले नाहीत. त्यांच्या ताटातली भाकर तशीच राहिली होती, हे अक्कांनी मला नंतर सांगितलं.

तर आखाजीवरून आलेल्या त्या दुपारी मी पाटी वाचली. एमएच, आणि पुढे एकोणीस. आठ खरवडून तिथे रेडियमचा नवाकोरा नऊ चिकटवलेला होता. पुढच्या पाटीवर, मागच्या पाटीवर. बाकी सगळं जसंच्या तसं. बेरीज आठ येणारे आकडेही तसेच, कारण शनीबिनीवर नानांचाही विश्वास नाही.

"कसं झालं?" नाना म्हणाले. "आता कोनी बोलनार नाही."

"नाना, हे कुणी केलं?"

"मी. चौकातल्या रेडियमवाल्याकडून. तो म्हणत होता साधा नऊ लावू का, मी म्हटलं चमकनारा लाव, सुनेची गाडी हाये."

पेढा माझ्या तोंडात तसाच होता. गिळवत नव्हता, थुंकता येत नव्हता. मी विचारलं, "मला का नाही विचारलं?"

"विचारलं तर मंग ते बक्षीस कसं?"

"नाना, हा माझा नंबर आहे."

"नंबर तोच हाये ना पोरी!" नाना पुढे आले, पाटीवर बोट ठेवून मला समजावू लागले, जसं शेडमध्ये नव्या पोरांना समजावत असतील. "हे बघ. इंजिनाले त्याचा नंबर असतो. तो मरेपर्यंत बदलत नाही. पन इंजिनाच्या अंगावर शेडचं नाव लिहिलेलं असतं, कोनतं शेड त्याची देखभाल करतं ते. इंजिनाची बदली झाली, की पहिलं नाव पुसायचं आन् नव्या शेडचं लिहायचं. मी सोता कितीक इंजिनांवर भुसावळ लिहिलंय. इटारसीहून आलेलं इंजिन, अंगावर दुसऱ्याचं नाव घेऊन आमच्याकडं उभं राहिलं, तर ते आमाले परकं वाटायचं. भुसावळ लिहिलं, की मंग तेलपानी करताना हात वेगळा चालायचा."

त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. आणि मला संताप आला होता. ह्या दोन गोष्टी एका फाटकात मावत नव्हत्या.

"मी इंजिन नाही, नाना. आणि माझी बदली झालेली नाही. मी राहायला आले आहे."

"तेच तर म्हंतोय."

"पुन्हा अठरा करून आणा."

धाकटा दीर जिन्यात बसून हे ऐकत होता. तो वातावरण हलकं करायला म्हणाला, "वहिनी, ती भारत सिरीज निघाली ना, बदलीच्या नोकरीवाल्यांसाठी, बीएच? ती घ्या. ना धुळे ना जळगाव. भांडण मिटलं."

"तू गप," असं आम्ही तिघांनी एकदम म्हटलं. त्या दिवसभरात एवढ्याच एका गोष्टीवर आमचं एकमत झालं.

नवरा संध्याकाळी आला. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या, आणि दोन्ही बाजूंना म्हणाला, "बघू." बघू हा शब्द मला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त टोचतो. मी त्याला सांगितलं की ही पाटी खोटी आहे, कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याहून मोठं म्हणजे ती माझी नाही. तो म्हणाला, "तसंही ती नवीन सरकारी पाटी बसवायची तू नोंदणी केलीच आहेस ना? ती येईल तेव्हा अठराच येईल. तोवर नानांचं मन राहू दे."

माझं मन कुठे ठेवायचं, हे त्याने सांगितलं नाही.

मी आईला फोन केला. वाटलं, ती म्हणेल मोठ्या माणसाशी जुळवून घे. आईने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गाडी तुन्ही शे ना? मंग तूच बोल. बठ्ठा गाव बोलाले तयार शे, पन गाडी तुन्ही शे." आणि मागून आबांचा आवाज आला, "तिला सांग, त्या म्हाताऱ्याला अपमान न करता हरव. ते अवघड आहे, पण तिला जमेल." मला ते जमेल असं वाटत नव्हतं.

मग मी एकच केलं. स्कूटरला हात लावणं सोडलं. मी ज्या शिकवणी वर्गात शिकवते तिथे रिक्षाने जायला लागले, येताना मेहरूण तलावाच्या कडेने चालत यायला लागले. नाना अंगणात बसून मला चालत येताना बघायचे. मी पाणी पिऊन आत जायचे. ते पेपर आधी मलाच द्यायचे, मी तो न वाचता घडी घालून ठेवायचे. अक्का दोघांमध्ये ताट वाढत राहायच्या. किती दिवस असं चाललं कोण जाणे. घरात कुणी ओरडत नव्हतं आणि कुणाला झोपही नीट लागत नव्हती. मी चालताना मनातल्या मनात पत्रकं लिहायचे, त्यांतली वाक्यं धारदार असायची, आणि फाटक आलं की ती सगळी निरुपयोगी व्हायची. नाना समोर बसलेले असायचे, पायात निळी स्लीपर, हातात पाण्याचा पाइप, मोगऱ्याला पाणी घालत.

उभ्या स्कूटरवर दिराचा डोळा होताच. तो ती घेऊन फिरायला लागला.

आणि एका सकाळी फाटकाशी एक मोटरसायकल येऊन थांबली. चालवणारा माणूस चाळिशीचा, डोक्याला रुमाल, शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग. हे डाग कुठल्याही साबणाने जात नाहीत, त्यावरून कळतं की माणूस रावेरच्या बाजूचा, केळीवाला. त्याने हातातला मोबाइल एकदा बघितला, एकदा आमच्या स्कूटरकडे बघितलं.

"राम राम. हे पांढरी गाडी कोनाची हाये?"

"माझी," मी म्हटलं.

"इच्यावर लिहेल हाये ते वाक्य, विचारल्याशिवाय मानू नका?"

"हो."

"मंग मी विचारतोच." त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "अजिंठा चौफुलीवर हा फोटू निघाला. चलान माह्या नावावर आलं. मी त्या दिवशी बागेत घड उतरवत होतो, पन्नास मानसं साक्षीले हायेत. चलानात काय लिहेल हाये वाचा. मांगं बसेल बाईले हेल्मेट नव्हतं. बाई! घरी बायकोनं वाचलं. ती म्हंते, जळगावले कोनाले मांगं बसवून फिरता?"

फोटोत माझी स्कूटर पाठमोरी होती. चालवणारा पाठमोरा, मागे बसलेली मुलगी पाठमोरी, ओढणी वाऱ्यावर. पाटीवर रेडियमचा नऊ फ्लॅशमध्ये असा चमकत होता की दुसरं काही दिसूच नये.

"मी तिले दाखवलं, बघ, हे स्कूटर हाये, आपली मोटरसायकल. तर म्हंते, मंग ते स्कूटर कोनाची? तिची?" तो हताश होऊन म्हणाला. "तीन दिवस झाले, भाजीत मीठ नाही."

"पण तुम्ही आम्हाला शोधलं कसं?"

"चौफुलीवरच्या चहावाल्याले फोटू दाखवला. तो म्हने, हे वाक्य तर मेहरूणच्या धुळेवाल्या मॅडमच्या गाडीवर असतं. नंबरावरून तर मीच सापडतो ना वो!"

नाना मोगऱ्यापाशी होते. ते पाइप खाली टाकून आले. पाणी अंगणभर वाहत होतं, कुणी नळ बंद केला नाही. त्या माणसाने आपली मोटरसायकल ढकलत आत आणली आणि स्कूटरच्या शेजारी, पाटीला पाटी लावून उभी केली.

तेच राज्य. तोच एकोणीस. तीच अक्षरं. तेच चार आकडे. त्याच्या पाटीवरचा रंग उडालेला, आमच्या पाटीवरचा चमकणारा. दोन गाड्या आणि एकच नंबर.

नाना वाकले. त्यांनी आधी एक पाटी बोटाने वाचली, मग दुसरी. परत पहिली. शेजारचे दोघे-तिघे कुंपणावरून बघत होते. मी काही बोलणार होते, वाक्य तयार होतं, कित्येक दिवसांपासून धार लावून ठेवलेलं. पण नानांचा चेहरा बघितला आणि ते मी गिळलं.

"दोन इंजिनं," नाना हळू म्हणाले. "एका नंबराची."

"नाना, जळगावला एकोणीस, धुळ्याला अठरा. पुढची अक्षरं-आकडे दोन्हीकडे तेच असू शकतात. म्हणून तो अठरा नुसतं शेडचं नाव नाही, नंबराचाच भाग आहे. तो काढला की गाडी आपली राहत नाही, दुसऱ्या कुणाची होते."

"एका लाइनीवर एका नंबराची दोन इंजिनं सोडली असती," नाना म्हणाले, "तर माही नोकरी गेली असती. जायलाच पाहिजे होती." मग त्या माणसाकडे वळून त्यांनी चक्क हात जोडले. "भाऊ, चूक माही हाये. पोरीची नाही. तिनं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

अक्का चहा घेऊन आल्या. तो माणूस चहा पिताना म्हणाला, "ते सगळं ठीक हाये नाना, पन बायकोले कोन सांगीन?" मी त्याच्या बायकोशी फोनवर बोलले. ती आधी माझी उलटतपासणी घ्यायला लागली: तुम्ही कोण, गाडी तुमची तर चालवत कोण होतं, मागे कोण होतं. मी म्हटलं, चालवणारा माझा दीर. मागे कोण होतं ते आम्हालाही आत्ताच कळतंय. जिन्यात बसलेला दीर उठून गच्चीवर गेला. फोनवरून हसण्याचा मोठा आवाज आला, आणि त्या माणसाचा चेहरा उजळला. "हसली?" तो म्हणाला. "मंग आज मीठ पडलं."

वाहतूक शाखेत नाना स्वतः गेले, मला आणि त्या माणसाला घेऊन. मी त्यांना म्हटलं होतं, मी सांगते, नवरा सांगेल. ते म्हणाले, आठ मी खरवडला, मीच सांगीन. तिथल्या हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "नाना, पाट्या बदलायचं काम चोर करतात. तुम्ही कशाला?" नानांनी मान खाली घातली. त्यांना मी अपमान न करता हरवायचं होतं. त्या एका वाक्याने अपमान करूनच ते काम उरकलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. चलान आमच्या नावावर घेतलं, खोट्या पाटीचा दंड वेगळा भरला. येताना नानांनी चौकात स्कूटर थांबवायला लावली आणि रेडियमवाल्याकडून नऊ काढवून घेतला. आठ पुन्हा बसवला. साधा, न चमकणारा.

काही दिवसांनी नव्या पाटीची तारीख आली. ही नवी पाटी तुम्ही आता सगळीकडे बघता. ॲल्युमिनियमची, आकडे दाबून उठवलेले, डाव्या कोपऱ्यात चकाकणारं अशोकचक्र, खाली निळ्या अक्षरांत देशाचं नाव, आणि जवळून पाहिलं तर लेझरने कोरलेला बारीक क्रमांक. ती नोंदवताना गाडीच्या चासीचे आणि इंजिनचे शेवटचे आकडे भरावे लागतात, म्हणजे पाटी आणि गाडी एकमेकींशी बांधली जातात. नाना माझ्या मागे बसून आले. हेल्मेट घालून. बसवणारा मुलगा मागच्या पाटीला कुलूप ठोकत होता, तेव्हा नानांनी विचारलं, "हे कुलूप उघडायचं कसं?"

"उघडत नाही काका. तोडावंच लागतं. तोडलं की ते परत लागत नाही."

"म्हणजे कोनी बदलू शकत नाही."

"गुपचूप नाही बदलू शकत."

नाना त्या कुलपाकडे बराच वेळ बघत राहिले. चांगलं बनवलेलं काम बघताना ते असेच बघतात. येताना तलावाजवळ मागून म्हणाले, "पोरी, पेपर वाचत जा आता."

घरी आल्यावर त्यांनी अक्कांना सगळं सविस्तर सांगितलं. अक्का ताटात तांदूळ निवडत होत्या. त्या ऐकत होत्या, खडा काढून बाजूला टाकत होत्या. नाना सांगत होते, आता कोणी न विचारता बदलू शकत नाही, सरकारने हे एक काम डोकं लावून केलं. अक्का खाली बघतच म्हणाल्या, "माही पाटी बदलली तेव्हा असं कुलूप नव्हतं."

नानांना आधी समजलं नाही. मग समजलं. अक्कांचं आज कागदोपत्री आहे ते नाव नानांनीच दिलेलं. लग्नात, अशाच एका ताटातल्या तांदळावर, अंगठीने लिहून.

"तुझं पहिलं नाव..." नाना म्हणाले, आणि थांबले.

अक्का थांबल्या. तांदळावरचा हातही थांबला. मला त्या दोघांच्यामध्ये उभं राहवेना आणि तिथून जाताही येईना. नानांना शेकडो इंजिनांचे नंबर पाठ आहेत, कधी विचारा, ते सांगतील कोणतं कुठल्या शेडहून आलं. ते तोंड किंचित उघडं ठेवून शोधत होते, आणि त्यांना सापडत नव्हतं.

अक्कांनीच सांगितलं. सहज सांगितलं, रागाने नाही. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांचं आहे, आणि छापायची परवानगी मी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "पाहू." नानांनी ते एकदा तोंडाने म्हणून बघितलं, लांबवरची पाटी वाचावी तसं, अक्षर अक्षर जुळवत. अक्कांनी ओ दिली नाही. त्या नावाला ओ द्यायची सवय मोडली होती. त्यांनी फक्त मान वर केली.

दुसऱ्या सकाळी नानांनी त्यांना नेहमीच्याच नावाने चहा मागितला. मी काही जिंकले वगैरे नाही. माझ्या गाडीला कुलूप आहे, मला ठामपणे बोलणारी आई आहे, पत्रकं लिहिणारा बाप आहे. अक्कांच्या वेळी यातलं काही नव्हतं. गाडीवरून येताना अजूनही माझ्या डोक्यात वाक्यं जुळत असतात, फरक इतकाच की आता ती नानांवर रोखलेली नसतात. मग कुणावर, ते मला नीट सांगता येत नाही.

आबा सांगायचे, पत्रकाने वाचणाऱ्याला शेवटी काहीतरी काम दिलंच पाहिजे, नाहीतर त्यात भजी बांधलेली बरी. म्हणून हे काम. तुमच्या घरात लग्न करून आलेली एखादी बाई असेलच. आई असेल, काकू असेल, वहिनी असेल. हे वाचून झालं की तिच्याकडे जा आणि तिचं आधीचं पूर्ण नाव विचारा. ती म्हणेल, आता कशाला? तरी विचारा. ती सांगेल ते नीट ऐका, आणि मग त्या नावाने तिला एकदा हाक मारा. ती ओ देईपर्यंत थांबा.